नवरदेव उतरेपर्यंत

“इंजिन एकदाच मरस, सर,” वना मिस्तरी उघड्या बॉनेटच्या काठावर दोन्ही हात टेकवून म्हणाला. “मानूसनागत. गये म्हंजे गये.”

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की शेजारच्या ट्रकखाली उताणा पडलेला माणूससुद्धा पाना फिरवायचा थांबला. लीलाधरने मान खाली घातली. वास्तविक याच गाडीचं इंजिन मेल्याचं वनाने यापूर्वीही जाहीर केलं होतं. एकदा पेट्रोलच्या नळीत कसलासा किडा अडकला होता, आणि एकदा टाकीत पेट्रोलच नव्हतं. दोन्ही वेळा इंजिन उठून स्वतःच्या पायांनी पारोळ्याला गेलं होतं. या खेपेला मात्र वनाने समोरून हँडल घालून पाहिलं, दोन्ही हातांनी पाहिलं, शेवटी हँडलवर उभं राहून पाहिलं. हँडल तसूभर हललं नाही. अभिमनच्या ट्रॅक्टरमागे दोराने बांधून गाडी धुळ्यापर्यंत आणली होती, आणि आता ती आग्रा रोडवरच्या या लिंबाखाली, तोंड उघडं टाकून, ट्रकांच्या जुन्या टायरांमध्ये उभी होती.

अभिमन लीलाधरचा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्याच मुलाच्या लग्नात हे घडलं होतं, म्हणून तो आला होता. त्याचे मेहुणे पुनाशेठ आले होते, कारण त्यांच्या मते हे त्यांच्यामुळे घडलं होतं. आणि पुनाशेठची बायको, म्हणजे अभिमनची बहीण कमलबाई आली होती, कारण आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा सण आणि लग्न दोन्ही उरकून ती आता नवऱ्याबरोबर पाचोऱ्याला परत निघाली होती आणि तिची एसटी धुळ्याहूनच होती. ती बाजूला, कुठल्यातरी ट्रकमधून काढून ठेवलेल्या सीटवर, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा घेऊन बसली होती.

वनाने नुकसान समजावून सांगितलं. पिस्टन आतल्या आत चिकटून बसले होते. हेड वाकलं असणार. बोअर करावं लागेल, क्रँक घासावी लागेल, बाकीचं उघडल्यावर कळेल. हे सांगताना त्याच्या आवाजात दुःख होतं. पण धंदा म्हणूनही काही चीज असते, आणि तीही होती.

“पानी उकळे तवर चालाडी गाडी तुम्ही,” तो म्हणाला. “काटा दखा नही का, सर?”

“काटा बंद आहे,” लीलाधर म्हणाला. “बऱ्याच दिवसांपासून.”

पारोळ्याच्या हायस्कुलात तो भूगोल शिकवत असे. खोटं बोलणारा मुलगा कुठे बघतो हे त्याला पुरेपूर माहीत होतं. आपण समोरच्या टायरकडे बघतो आहोत हे लक्षात आल्यावर त्याने नजर उचलून लिंबाकडे नेली, पण खोटं बोलणारी मुलं त्यानंतर तेच करतात.

“ऐका,” पुनाशेठ म्हणाले. “काटाच बंद. मग सरांचा काय दोष?”

काटा बंद नव्हता.

*

गावात एक रीत होती. नवरदेव दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत बसला, की तो उतरेपर्यंत बैल सोडायचे नाहीत. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती मोडायची कोणाची छाती झाली नव्हती. पुढे लीलाधरने जळगावच्या एका डॉक्टरकडून ही जुनी अॅम्बेसेडर घेतली. गावातले नवरदेव दमणीतून उतरून गाडीत बसू लागले, तेव्हा पारावर प्रश्न निघाला, की आता सोडायचं नाही ते काय. जाणत्यांनी दोन विड्या ओढून ठरवलं: इंजिन. तेव्हापासून मिरवणुकीत नवरदेव बसला की गाडीचं इंजिन बंद करायची सोय उरली नाही. बँडवाल्यांना चहा प्यायचा असो, पोरांना एकच गाणं फिरून फिरून ऐकायचं असो, वाटेत कोणी ओवाळायला उभं राहो, इंजिन चालूच. बैलांना निदान उभ्या उभ्या रवंथ करता येत असे.

लीलाधर गाडीचं भाडं घेत नसे. नारळ, टोपी आणि पेट्रोल, एवढ्यावर तो गावातल्या प्रत्येक नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेऊन आणे. एकट्या माणसाला एवढी मोठी गाडी कशाला, हे कोडं गावाने त्याच्या वतीने कधीच सोडवून ठेवलं होतं: बायको नाही, म्हणून. उत्तर सोपं होतं आणि बरंचसं बरोबरही होतं.

बायको नव्हती, याला एक विहीर कारण होती. लीलाधर कॉलेज संपवून आला त्या वर्षी अभिमनच्या वडिलांनी मनात घेतलं, की पोरगी गावातच द्यावी, डोळ्यांसमोर राहील. ते घर बघायला आले. घर त्यांनी पाहिलं, गुरं पाहिली, चहा घेतला, आणि निघता निघता म्हणाले, विहीर बघू. तो मे महिना होता. खानदेशात मे महिन्यात शहाणा माणूस पाहुण्याला विहीर दाखवत नाही. पण लीलाधरचे वडील सरळ गृहस्थ होते. अभिमनच्या वडिलांनी वाकून खाली पाहिलं. तळाशी एक घागर उपडी पडली होती. ज्या घरी पाणी नाही तिथे पोरगी कशी टाकायची, एवढंच ते नंतर म्हणाले, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. श्रावणात विहीर काठोकाठ भरली. पण लग्नं मे महिन्यात होतात, आणि तोवर कमल पाचोऱ्याला, कापसाच्या एका बऱ्या व्यापाऱ्याच्या घरी नांदायला गेली होती.

व्यापारी म्हणजे हेच पुनाशेठ. त्यांचा राग करता आला असता तर लीलाधरला पुष्कळ सोपं गेलं असतं. पण ते गोल, हसतमुख, दिलदार गृहस्थ होते. बायकोचं ऐकायचे आणि दुसऱ्याच्या लग्नात रुमाल दातांत धरून नाचायचे.

कमलबाई दर आखाजीला माहेरी येई. गल्लीतून जाताना, पाण्याला जाताना, झोक्याखाली बायकांच्या घोळक्यात, ती दिसे. गावातल्या सगळ्या बायका लीलाधरला लीलाभाऊ म्हणत. कमलबाई सर म्हणे. त्याने तिला कधी काही शिकवलं नव्हतं.

अभिमनच्या मुलींची लग्नं झाली तेव्हा गाडीचा प्रश्न आला नाही. मुलीच्या लग्नात गाडी वरपक्षाची. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र अभिमन स्वतः येऊन सांगून गेला, की नवरदेवामागे दिवा घेऊन आत्या, म्हणजे कमल, बसेल, मान तिचा आहे. लीलाधरने त्या संध्याकाळी गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मारुतीची मिरवणूक ऊन कलल्यावर निघाली, पण मे महिन्यातलं ऊन कललं तरी जमीन निवत नाही. आत्याच्या हातातला दिवा विझता कामा नये, म्हणून गाडीच्या काचा वर केल्या होत्या. नवरदेव पुढे लीलाधरशेजारी बसला आणि हळदीच्या, हाराच्या आणि उकाड्याच्या भाराने पहिल्याच वळणावर झोपून गेला. मुंडावळ्या नाकावर आल्या. त्याचं तोंड उघडं पडलं. मागच्या सीटवर दिवा, आणि दिव्यामागे कमलबाई.

इतक्या वर्षांत ती दोघं एका ठिकाणी एवढा वेळ कधीच नव्हती. आणि बोलायची काही सोय नव्हती. बँड गाडीच्या तोंडाशी होता आणि त्यातला मोठा ढोल तर जवळपास बॉनेटवरच. लीलाधरने एकदा आरसा नीट केला. मागचा रस्ता दिसावा म्हणून असतो तो आरसा. मागून रस्त्याने नवरीकडचं कोणी येणार नव्हतं, ट्रक येणार नव्हता. होता तो फक्त गुलाल. आरशात एक कपाळ होतं, पदराचा काठ होता, ज्योतीआड धरलेला हात होता. एकदा त्या आरशातून दोन डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनीही दिव्याकडे पाहिलं.

समोर पुनाशेठ नाचत होते. ते गाडीकडे तोंड करून नाचायचे, त्यामुळे गाडीला पुढे सरकता येत नसे, आणि दर थोड्या वेळाने खिशातून नोट काढून बँडवाल्याच्या कपाळाला चिकटवायचे, त्यामुळे बँडवाल्यालाही पुढे सरकण्यात काही स्वारस्य नव्हतं. इंजिनाच्या उष्णतेचा काटा अर्ध्यावर आला. मग अर्ध्याच्या पुढे गेला.

मारुतीहून परतताना शाळेपाशी दोन रस्ते फुटतात. सरळ गेलं की अभिमनचं घर लगेच येतं. उजवीकडून गेलं तरी येतं, पण अख्ख्या गावाला वळसा पडतो. काटा तेव्हा लाल पट्टीत शिरला होता. लीलाधरने तो पाहिला. मग आरशात पाहिलं, आणि गाडी उजवीकडे घेतली.

एक म्हातारा काठी आपटत काचेपाशी आला आणि विचारू लागला, इकडे कुठे. लीलाधरने काच बोटभर खाली करून सांगितलं, की सरळ गेलं तर मारुतीला पाठ होते. नवरदेवाने मारुतीला पाठ दाखवू नये. ही रीत त्याने त्या क्षणी तयार केली होती. म्हाताऱ्याने मान डोलावली, आणि मागे वळून लोकांना सांगितलं, की हे त्याच्या आज्यापासून असंच चालत आलं आहे.

गाडीने दगा दिला नाही. ती वास मारू लागली, ठोके देऊ लागली, पुढून वाफ निघू लागली. पोरांना वाटलं तीही शोभेचीच. पण मांडवाच्या दारात ती आपल्या पायांनी गेली. नवरदेवाला हलवून उतरवलं. आत्या उतरली; दिवा जळतच होता. मग इंजिनाच्या पोटात काहीतरी खरवडल्यासारखा आवाज झाला, आणि ते आपलं आपण थांबलं. लोकांनी गाडीचं कौतुक केलं. बैलसुद्धा एवढी रीत पाळत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी नवरदेव काळ्या-पिवळ्या जीपने नवरीच्या गावी गेला आणि लग्न व्यवस्थित लागलं.

*

लिंबाखाली आता पैशांवरून भांडण लागलं होतं. खानदेशी माणूस पैसे देण्यावरून भांडतो तेव्हा घेण्यापेक्षा जास्त आवाज होतो. अभिमनचं म्हणणं होतं, की लग्न त्याच्या घरचं, मिरवणूक त्याच्या पोराची, तेव्हा इंजिनही मांडवाच्या खर्चात धरायचं. आचारी, बँड, इंजिन. पुनाशेठ म्हणत होते, की मांडवाला काय कळतं. नाचलं कोण? गाडी अडवली कोणी? बँडवाल्याला नोटा कोणी डकवल्या?

“मी नाचलो आणि सरांचं इंजिन बसलं,” ते म्हणाले. “सरळ हिशोब आहे. वना, जे होईल ते माझ्याकडून घ्यायचं. सर, तुम्ही बोलायचं नाही.”

जगातल्या कोणाकडूनही लीलाधरने या इंजिनाचे पैसे घेतले असते. बँडवाल्याकडून घेतले असते, मारुतीच्या पुजाऱ्याकडून घेतले असते. या एका माणसाकडून घेता येत नव्हते, आणि हा एकच माणूस आग्रह करकरून देत होता. नाही म्हणायला कारण लागतं. खरं कारण एकच होतं.

वनाने दोघा भांडणाऱ्यांना तोडगा सुचवला. मूळच्या इंजिनाचं काम काढलं तर पाण्यासारखा पैसा जाईल. त्यापेक्षा मॅटेडोरचं डिझेल इंजिन बसवा. कमी पैशात होतं, डिझेलवर चालतं, आणि मिरवणुकीत दिवसभर उभं ठेवलं तरी तापायचं नाही. असं एक इंजिन त्याच्या मावसभावाच्या आवारात पडलेलंच होतं, आणि हा निव्वळ योगायोग होता. पुनाशेठांनी लगेच चपला घातल्या. अभिमनही निघाला, कारण मेहुण्याला एकट्याला सोडलं तर तो तिथल्या तिथे पैसे मोजून येईल. लीलाधर म्हणाला, तुम्ही बघून या, मी गाडीजवळ थांबतो. गाडी कुठे जाण्याच्या अवस्थेत नव्हती, पण कोणी काही म्हणालं नाही.

ट्रकखालचा माणूस चहाला गेला. आग्रा रोडवरून ट्रक जात होते. कमलबाईने डबा मांडीवरून उचलून शेजारी ठेवला, पदर सारखा केला, आणि गाडीच्या उघड्या दारातून आत बघितलं. या जुन्या मॉडेलात सगळे काटे चालवणाऱ्यापुढे नसून मधोमध, नवरदेव आणि चालवणारा यांच्या बरोबर मध्ये असतात.

“काटा चालू व्हता,” ती म्हणाली.

लीलाधर हँडल हातात घेऊन उभा होता. ते त्याने खाली ठेवलं.

“माले मांगथून दखाये,” ती म्हणाली. “शाळापान उनू तधळ पुरा लाल व्हता.”

शाळेपाशी आलो तेव्हा काटा लाल होता, हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं, तसं ती सांगत होती. लीलाधरच्या मनात बरंच काही आलं, आणि त्यातलं सगळ्यात मास्तरकीचं तेच तोंडातून निघालं.

“मग सांगितलं का नाही?”

रस्त्याने कापसाच्या गासड्यांनी लादलेला ट्रक चालला होता. तो पूर्ण जाईपर्यंत ती ट्रककडेच बघत राहिली.

“हातमा दिवा व्हता ना,” ती म्हणाली.

दिवा हातात असताना तोंड बंद ठेवावं लागतं, अशी रीत त्या गावात नव्हती. निदान लीलाधरने तरी ती ऐकली नव्हती, आणि रिती काढण्याच्या बाबतीत तो अनुभवी होता. तो सीटच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये डबा होता. ती दोघं समोरच्या गाडीकडे बघत बसली, जशी माणसं आजाऱ्याच्या खाटेजवळ बसतात. आणि आज बँड नव्हता, काही बोलता आलं असतं. लीलाधरला तिच्या गुडघ्यांबद्दल विचारायचं होतं. या वेळी झोक्याजवळ ती हात टेकून उठताना दिसली होती. त्याला विचारायचं होतं, की घागर उपडी होती हे तिला कोणी सांगितलं होतं का. त्याने विचारलं, पाचोऱ्याला यंदा कापसाला भाव काय आहे.

तिने सांगितला. नीट, जातवार सांगितला. मग मोटारीच्या दिशेने हळू म्हणाली,

“त्यासना पैसा लेवू नका, सर.”

“नाही घेणार.”

“ते भला मानूस शेतस. भला. त्यासले वाटी रायनं, त्यासनामुळेच व्हयनं.”

“माहीत आहे.”

तिने डबा उघडला, एक सांजोरी त्याच्या हातावर ठेवली आणि झाकण लावलं. त्याने ती खाल्ली नाही. हातात धरून बसला. थोड्या वेळाने लांबून पुनाशेठांचा आवाज आला, आणि त्याने ती रुमालात बांधून खिशात टाकली.

*

पुनाशेठ मॅटेडोरच्या इंजिनावर खूश होते. पैसे अभिमनने मोजू दिले नव्हते, पण शब्द दिला गेला होता. लीलाधर उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला, आणि वर्गात हजेरी घेताना लावतो तसा आवाज लावून म्हणाला,

“पुनाशेठ, काटा बंद नव्हता. चालू होता. मी पाहिला होता.”

कमलबाईने डब्याची कडी पुन्हा एकदा लावली. पुनाशेठ त्याच्याकडे वळले.

“मग थांबवली का नाही?”

लीलाधरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण उत्तर अभिमनने दिलं.

“कशी थांबाडाव? नवरदेव बठेल व्हता ना गाडीमा.”

“हां,” पुनाशेठ म्हणाले. “ते आहेच.”

“शाळेपासून सरळ आलो असतो तर वाचलं असतं,” लीलाधर म्हणाला. “उजवीकडे मीच वळवली. काटा लाल असताना वळवली.”

“मारुतीले पाठ दखाडस का कोनी?” अभिमन म्हणाला. तो आता जरा रागावलाच होता. “आजापासून रीत शे ती.”

आयुष्यात पहिल्यांदा लीलाधर चारचौघांत खरं बोलायला उभा राहिला होता, आणि त्याचं खरं गावाच्या रितीत साखर विरघळावी तसं विरघळून गेलं होतं. उलट पुनाशेठांचे डोळे पाणावले. काटा दिसत होता, इंजिन जळत होतं, आणि या माणसाने आपल्या भाच्याची रीत मोडली नाही. आता तर पैसे द्यायलाच हवे होते. त्यांनी लीलाधरचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात मऊ आणि गरम होते.

“सर, आता नाही म्हणू नका.”

“जाऊ द्या ना,” कमलबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. “सर नही म्हनी रायनात ना. दुसराना मन बी दखानं पडस.”

पुनाशेठांनी बायकोकडे पाहिलं, लीलाधरकडे पाहिलं, आणि हात सोडला. त्यांना वाईट वाटलं होतं. मग निदान चहा माझा, ते म्हणाले, आणि चहा सांगायला स्वतः गेले. भजीही सांगून आले.

“तर मंग मॅटेडोर बसाडी देऊ,” वना म्हणाला. पैसे कोण देतं याच्याशी त्याचं काही नव्हतं. “तुमना पगारमा बशी जाई. काही तरास नही. जरा थरथर करस, बस. आरसामा मांगलं काही दखात नही. पन मांगलं दखीसन करानं काय?”

लीलाधरने कपातला चहा बशीत ओतला. बशी भरली तरी ओतत राहिला. थोडा चपलेवर सांडला.

“मूळचंच इंजिन करा,” तो म्हणाला. “बोअर करा, क्रँक करा, हेड बदला, जे लागेल ते करा. डिझेल नको.”

अभिमनने कपाळावर हात मारून घेतला. पुनाशेठ कौतुकाने म्हणाले, हौसेला मोल नसतं. कमलबाईने पिशवी खांद्याला लावली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि स्टँडकडे जाताना गाडीला वळसा घालण्याऐवजी तिच्या आणि लिंबाच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून गेली. जाताना तिचा हात मागच्या दारावर टेकला. गुडघे दुखणारी माणसं अशी कशाचाही आधार घेत चालतात.

भविष्यनिर्वाह निधीतून उचल घ्यायची तर तीनच कारणं चालत: आजारपण, घर आणि लग्नकार्य. मोटारीचं इंजिन नियमांत नव्हतं. लीलाधरने लग्नकार्य लिहिलं, आणि ते तसं अगदीच खोटं नव्हतं. शाळेच्या कारकुनाने आधी कागदाकडे, मग त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि अभिनंदन केलं. लीलाधरने आभार मानले.

वनाने पुष्कळ वेळ घेतला. काही भाग मुंबईहून मागवावे लागले, काही आले ते दुसऱ्याच गाडीचे निघाले. पुढच्या आखाजीच्या आत मात्र गाडी तयार झाली. इंजिन इतकं गुपचूप चालत होतं, की चालू आहे की नाही हे काट्यावरूनच कळे. लीलाधरने ती स्वतः चालवत धुळ्याहून गावात आणली, धुतली, आणि दारासमोर उभी केली.

अभिमनला मुलगा एकच होता.